रवींद्रनाथांचे सहा ऋतू

आमच्या घरात ऋतू हा शब्द कधी कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे नक्षत्रे होती. मृग कोरडा गेला की आबांचे बोलणे कमी होई, उत्तरा नि हस्त यांवर ज्वारीची पेरणी ठरे आणि हस्ताने दगा दिला की पुढच्या वर्षाचा हिशेब सावकाराच्या ओट्यावर मांडला जाई. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या कोरडवाहू भागात याहून वेगळे पंचांग चालतही नाही. वसंत, ग्रीष्म, हेमंत हे शब्द मी शाळेच्या पुस्तकात पाठ केले आणि पेपर लिहून झाल्यावर विसरूनही गेले. त्यामुळे गेल्या वर्षी मराठीच्या सरांनी एका थोर लेखकाच्या चरित्राचा अभ्यास करायला सांगितला आणि माझ्या वाट्याला रवींद्रनाथ ठाकूर आले, तेव्हा मी जरा नाराजच झाले. पावसावर गाणी लिहिणे जमीनदाराच्या मुलाला सोपे आहे, असे माझे मत होते. हे मत सुटायला मला अख्खी सहामाही लागली. आणि ते पुरते सुटले आहे असेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुढचे ध्यानात यावे म्हणून बंगाली वर्षाविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. आपले महिने चंद्रावर चालतात, बंगाल्यांचे सूर्यावर. संक्रांतीनंतर महिना सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यास वैशाखाच्या पहिल्या दिवशी त्यांचे नवे वर्ष लागते. म्हणजे चैत्र हा आपला पहिला महिना, तर त्यांचा शेवटचा. ऋतूही म्हणून एक पाऊल पुढे सरकलेले आहेत. वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म, आषाढ-श्रावण वर्षा, भाद्र-आश्विन शरद, कार्तिक-अग्रहायण हेमंत, पौष-माघ शीत आणि फाल्गुन-चैत्र वसंत. अग्रहायण म्हणजे आपला मार्गशीर्ष. आपण गुढी उभारून वसंतात वर्ष सुरू करतो, बंगाली माणूस रणरणत्या उन्हात करतो. कालिदासाचे ऋतुसंहार ग्रीष्मापासूनच सुरू होते हे संस्कृतवाल्या मित्रमैत्रिणींना ठाऊक असेलच. ते वाचताना मला ते उफराटे वाटले होते. बंगाली पंचांग पाहिल्यावर वाटेनासे झाले.

रवींद्रनाथ जन्मले ते या वर्षारंभाच्या महिन्यात, बंगाली सन १२६८ च्या वैशाखाच्या पंचविसाव्या दिवशी, म्हणजे ७ मे १८६१ रोजी. त्या दिवसांत बंगालमध्ये दुपारभर आभाळ तापते आणि संध्याकाळी वायव्येकडून काळ्या ढगांची वावटळ येऊन झाडे मोडून टाकते. तिला तिकडे कालवैशाखी म्हणतात. आपल्या वळवाची ती थोरली बहीण. कोलकात्यातील जोडासांको भागातल्या मोठ्या वाड्यात देवेंद्रनाथांचे हे चौदावे अपत्य वाढले. वाडा मोठा, माणसे पुष्कळ, पण या मुलाचे बालपण नोकरांच्या ताब्यात गेले. श्याम नावाचा एक नोकर त्याला खिडकीजवळ बसवी, त्याच्याभोवती खडूने रिंगण आखी आणि त्याबाहेर पाऊल टाकायचे नाही म्हणून धाक घालून निघून जाई. रामायण ऐकलेला मुलगा रेषा ओलांडायला भिई. तिथे बसून दिवसभर त्याने जे पाहिले ते म्हणजे खालचा तलाव, त्याच्या काठचा वड आणि नारळाच्या झाडांवरून बदलत जाणारा उजेड. ज्याने पुढे सहाही ऋतूंना गाणी दिली त्याला बाहेरचे जग प्रथम भेटले ते असे, खिडकीच्या गजांतून. आम्ही मुले उन्हातान्हात शेतात असायचो. आम्हाला घरात बसायला मिळावे असे वाटे. त्याला बाहेर जायला मिळावे असे वाटे. हा प्रसंग वाचताना माझा राग पहिल्यांदा थोडा ओसरला.

शाळांत हा मुलगा टिकला नाही. एकामागून एक शाळा झाल्या आणि सुटल्या. १८७३ साली मुंज झाल्यावर मुंडण केलेल्या डोक्याने तो वडिलांबरोबर हिमालयात जायला निघाला आणि वाटेत बोलपूरजवळच्या एका माळावर थांबला. कोलकात्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बीरभूम जिल्ह्यातला तांबड्या मातीचा हा माळ. पावसाने मुरूम कापून काढलेल्या घळी, तुरळक ताड आणि सातविणीची दोन झाडे. देवेंद्रनाथांनी ही जागा १८६३ मध्ये घेऊन तिथे ध्यानासाठी घर बांधले होते आणि त्याला शांतिनिकेतन हे नाव दिले होते. मुलगा त्या घळींतून दगडगोटे वेचत मनसोक्त हिंडला. रिंगण पहिल्यांदा पुसले गेले ते इथे.

आता आपल्या महाराष्ट्राचा संबंध. थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात. त्यामुळे रवींद्रनाथ तरुणपणी अहमदाबादला राहिले, मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या कुटुंबात राहून इंग्रजी बोलण्याचा सराव करून विलायतेला गेले, पुढे कारवारच्या समुद्रकाठी राहिले. आणि १८८९ साली ते आमच्या सोलापुरात होते! 'राजा ओ रानी' हे नाटक त्यांनी इथे लिहिले. हे वाचले त्या दिवशी मी वाचनालयातून बाहेर आले तेव्हा उन्हाची झळ लागत होती आणि मला उगीचच वाटून गेले, की याच उन्हात ते बसले असतील. आमच्या सोलापूरला ऋतू एकच, असे इथले लोक थट्टेने म्हणतात. त्यांनी त्याबद्दल काय मत करून घेतले असेल कोण जाणे.

पण ऋतू म्हणजे काय हे त्यांना खरे कळले ते पुढच्या दहा वर्षांत. वडिलांनी जमीनदारीची देखरेख त्यांच्याकडे सोपवली आणि ते पूर्व बंगालात शिलाईदह, शहाजादपूर, पतिसर या गावी राहू लागले. ही गावे आता बांगला देशात आहेत. तेथे रस्ते थोडे, नद्याच फार. 'पद्मा' नावाच्या घरनौकेत त्यांचा मुक्काम असे. वैशाखात वाळूची बेटे उघडी पडत, आषाढात नदी वाढू लागे, श्रावणात शेत कुठले आणि पात्र कुठले हे कळेनासे होई, शरदात पाणी ओसरून काठाने काशाचे पांढरे तुरे हलू लागत. कापलेले धान घेऊन होड्या जात. हे सारे त्यांनी पुतणी इंदिरा हिला पत्रांतून लिहिले, आणि त्यांच्या कितीतरी गोष्टी या काळात, या काठांवर जन्मल्या. नौकेच्या खिडकीतून त्यांना रयत दिसत होती. पुरात भात कुजले की काय होते, सावकार कसा बसतो, हे त्यांनी जमिनीचा मालक असूनही, किंवा मालक असल्यामुळेच, जवळून पाहिले. पुढे त्यांनी पतिसरला शेतकऱ्यांसाठी बँक काढली आणि नोबेल पारितोषिकाची रक्कमही तिच्यात ठेवली. ती बँक शेवटी बुडाली आणि ते पैसेही गेले. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. त्या काळी श्रीमंतांची मुले बॅरिस्टर व्हायला विलायतेस जात. रवींद्रनाथांनी थोरला मुलगा रथींद्रनाथ याला १९०६ साली अमेरिकेत पाठवले ते शेतीशास्त्र शिकायला. आबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

१९०१ च्या डिसेंबरात, पौषाच्या सातव्या दिवशी, रवींद्रनाथांनी त्या लहानपणच्या माळावर शाळा काढली. मुले पाच. त्यांत एक स्वतःचा मुलगा. वर्ग झाडाखाली. ज्या माणसाला शाळेच्या भिंतींनी कोंडले होते त्याने भिंतीच काढून टाकल्या. पैशाची ओढाताण इतकी, की पत्नी मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. त्या लग्नात दहा वर्षांच्या होत्या. १८८३ च्या अग्रहायणात हे लग्न झाले होते. आश्रमातल्या मुलांना त्या स्वतः रांधून घालीत. शाळेला एक वर्ष पुरे व्हायच्या आत, २३ नोव्हेंबर १९०२ रोजी, त्या गेल्या. वय तिशीच्या आतले. तो दिवस होता अग्रहायणाचा सातवा. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात मधली मुलगी रेणुका क्षयाने गेली. १९०५ च्या जानेवारीत वडील गेले.

येथे धाकट्या मुलाची गोष्ट सांगायला हवी. खरे म्हणजे मी हा लेख लिहिते आहे तो याच मुलासाठी.

त्याचे नाव शमींद्रनाथ. घरचे शमी म्हणत. जन्म डिसेंबर १८९६ चा. आई गेली तेव्हा सहा वर्षांचाही झाला नव्हता. वडिलांसारखाच होता म्हणतात. वाचण्याचे वेड, नाटकाचे वेड. १९०७ च्या वसंतपंचमीला या दहा वर्षांच्या मुलाने आश्रमात सवंगडी जमवून ऋतूंचा उत्सव केला. काही मुले वसंत झाली, कोणी वर्षा झाला, कोणी शरद. शांतिनिकेतनातला हा पहिला ऋतूत्सव. पुढे जो वसंतोत्सव पाहायला देशभरातून माणसे लोटत, त्याचे मूळ मोठ्या कवीच्या डोक्यातून निघालेले नाही. ते एका पोराच्या खेळात आहे.

त्याच वर्षी पूजेच्या सुट्टीत शमी एका मित्राबरोबर मुंगेरला गेला. तिथे त्याला पटकी झाली. तार आली, रवींद्रनाथ डॉक्टरला घेऊन गेले, पण उपयोग झाला नाही. अकरावे वर्षही पुरे न होता शमी गेला. दिवस पुन्हा अग्रहायणाचा सातवा. आई गेली त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती.

रवींद्रनाथ आगगाडीने परतले. त्या रात्रीविषयी त्यांनी पुढे पंचवीस वर्षांनी मुलीला, मीराला, कळवले. बाहेर चांदणे पडलेले होते आणि ते नेहमीसारखेच होते. एवढा घाला पडूनही जगात कुठे काही कमी पडलेले त्यांना दिसले नाही. त्यांना यातून धीर मिळाला. मला मात्र हे वाचून आधी संताप आला. चांदण्याला काय झाले होते थोडे कमी व्हायला, असे वाटले.

मला असे का वाटले ते सांगते. तीन वर्षांपूर्वी वैशाखात माझा दादा विहिरीवरची मोटार चालू करताना विजेचा धक्का लागून गेला. तो बावीस वर्षांचा होता. घरात माणूस गेले की आमच्याकडे वर्षभर सण धरत नाहीत. गोडधोड नाही, तोरण नाही. महिन्याभराने बेंदूर आला. आबांनी पहाटे उठून बैल ओढ्यावर नेले, धुतले, शिंगांना हिंगूळ लावला, झुली घातल्या. भावकी बोलू लागली. आबांनी एवढेच उत्तर दिले, की बैलांना कसले आले सुतक, वर्षभर त्यांनी काम केलेले आहे. आईने पुरण घातले नाही. ती आबांशी कित्येक दिवस बोलली नाही आणि मीही तिच्या बाजूची होते. बाप इतका कठोर असू शकतो हे मला तेव्हा सहन झाले नाही.

तर शमी गेल्यावर वर्षाच्या आत, १९०८ साली, रवींद्रनाथांनी आश्रमातल्या मुलांसाठी 'शारदोत्सव' हे नाटक लिहिले. नाव सांगते त्याप्रमाणे शरदाचे. सुट्टी लागलेली आहे, मुले रानात हिंडताहेत, असे. मग ऋतूंची नाटके आणि उत्सव यांची रांगच लागली. 'फाल्गुनी' हे वसंताचे नाटक १९१६ च्या जानेवारीत जोडासांकोला झाले ते बांकुड्याच्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे जमवायला; त्यात पंचावन्नाव्या वर्षी ते आंधळ्या बाऊलाचे काम करीत स्वतः गायले. १९२१ साली कोलकात्यात पहिला वर्षामंगल झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी त्यांच्या भेटीला जोडासांकोला आले होते. देश असहकाराने पेटलेला, आणि इकडे हा कवी पावसाचे स्वागत करतो आहे! माझ्यासारख्या कुणालाही यात विसंगती दिसेल. १९२३ मध्ये 'वसंत' ही गीतनाटिका त्यांनी काझी नजरुल इस्लाम यांना अर्पण केली, आणि नजरुल तेव्हा राजद्रोहाबद्दल तुरुंगात होते. म्हणजे ऋतूंच्या आड ते लपले नव्हते हेही खरे. बंगालच्या फाळणीच्या दिवशी, १६ ऑक्टोबर १९०५ ला, रस्त्यावर उतरून हिंदू-मुसलमानांच्या हाती राख्या बांधायला लावणारे, जालियनवाला बागेनंतर सरकारची पदवी परत करणारे तेच होते.

त्यांची सगळी गाणी 'गीतबितान' या संग्रहात आहेत. त्यात प्रकृती या विभागातली गाणी ऋतूंप्रमाणे लावलेली आहेत. मी ती मोजली. एकूण २८३. वर्षेची ११५, वसंताची ९६, शरदाची ३०, ग्रीष्माची १६, शीताची १२. उरलेली नऊ सर्वसाधारण. आणि हेमंताची फक्त पाच. हेमंत, म्हणजे कार्तिक आणि अग्रहायण. बायको गेली तो, मुलगा गेला तो. मला वाटले, मला मोठा शोध लागला! मी धावत सरांकडे गेले. सर हसले नाहीत, पण त्यांनी मला सावध केले. बंगालचा हेमंत हा तसा मुका ऋतू आहे, ते म्हणाले. पाऊस संपलेला, थंडी न पडलेली, फुले नाहीत, नुसते धुके आणि कापणीला आलेले भात. इतर कवींनीही त्याला थोडेच दिले आहे. शिवाय १९१३ साली नोबेलची बातमी शांतिनिकेतनात आली ती याच ऋतूत, नोव्हेंबरच्या मध्यास. आकड्यांवरून माणसाच्या मनाचा निकाल लावू नये. सरांचे म्हणणे बरोबर असेल. तरी ते पाच मी विसरू शकत नाही.

पावसाला मात्र त्यांनी जे दिले ते कुणीच दिले नसेल. त्यांचे नातू लागणारे दिनेंद्रनाथ गाण्यांच्या चाली टिपून घेत, मुलांकडून बसवून घेत, आणि नव्या पावसाबरोबर आश्रमात नवी गाणी येत. मला अधिक भावला तो मात्र १९२८ सालचा उपक्रम. त्या वर्षी पावसाळ्यात शांतिनिकेतनात वृक्षारोपण आणि शेजारच्या श्रीनिकेतनात हलकर्षण, असे दोन समारंभ सुरू झाले. श्रीनिकेतन ही त्यांनी १९२२ साली एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाच्या साहाय्याने काढलेली ग्रामसुधारणेची संस्था. हलकर्षण म्हणजे नांगर धरणे. जमिनीवर रांगोळी घालतात, बैल सजवतात, मंत्र आणि गाणी होतात आणि पहिले तास घातले जाते. सत्तरीकडे झुकलेल्या रवींद्रनाथांनी स्वतः नांगराला हात लावला. नंदलाल बसूंनी हा प्रसंग श्रीनिकेतनात भिंतीवर चितारला आहे. त्याचे छायाचित्र मी पुस्तकात पाहिले. सजवलेले बैल पाहून मला आमचा बेंदूर आठवला आणि मी पुस्तक मिटून ठेवले.

त्यानंतर मी १९३२ साल वाचले. १९१८ मध्ये थोरली मुलगी माधुरीलताही क्षयाने गेली होती. उरली होती मीरा आणि रथींद्रनाथ. मीरेचा एकुलता मुलगा नीतींद्रनाथ, विशीतला, जर्मनीत छपाईची विद्या शिकायला गेला आणि तिथे क्षयाने आजारी पडून ७ ऑगस्टला गेला. बातमी आली तेव्हा आश्रमात वर्षामंगलाची तयारी चालली होती. पुष्कळांनी सुचवले, की यंदा उत्सव राहू द्यावा. रवींद्रनाथांनी ते ऐकले नाही. उत्सव झाला. आणि नंतर मीरेला लिहिलेल्या पत्रात हे सांगताना त्यांनी शमीच्या त्या चांदण्या रात्रीचा उल्लेख केला. सगळ्यांचे काम चालूच राहिले पाहिजे, आपले दुःख आपल्या जागी. त्याने इतरांच्या वाटेत आडवे पडू नये, असा त्यांचा भाव.

ते हे मुलगा गमावलेल्या आईला लिहीत होते! हा माणूस कठोर होता की फार मोठा होता, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. वर्गात वाद झाला. आमच्या एका मैत्रिणीचे म्हणणे, की पाऊस कुणासाठी थांबत नाही हे ठीक, पण माणसाने थांबावे. म्हणूनच तो माणूस. एका मित्राने उलट विचारले, की उत्सव मुलांचा होता, मुलांनी महिनाभर गाणी बसवली होती, त्यांच्या आनंदावर म्हाताऱ्याने आपले दुःख का लादावे? मला दोन्ही पटते. एवढे मात्र लक्षात आले, की ऋतूंचा उत्सव त्यांच्या घरात ज्याने आणला तो मुलगाच होता. तो बंद करणे म्हणजे शमीचे उरलेसुरले तेवढेही बंद करणे, असे त्यांना वाटले असेल का? तसे त्यांनी कुठे लिहिलेले मला आढळले नाही. हा माझा तर्क.

अखेरच्या वर्षांत वैशाखातली पाण्याची टंचाई आणि उन्हाळ्याची सुट्टी यांमुळे आश्रमात त्यांचा वाढदिवस वर्षारंभाच्या दिवशीच होऊ लागला. १९४१ च्या नववर्षदिनी त्यांचे 'सभ्यतार संकट' हे भाषण वाचले गेले. महायुद्ध चालू होते आणि युरोपच्या सुधारणेवरचा आपला विश्वास कसा ढासळला हे त्यात त्यांनी सांगितले. त्यानंतर तब्येत उतरतच गेली. २५ जुलैला त्यांना शांतिनिकेतनातून कोलकात्याला नेले. ३० जुलैला जोडासांकोच्या वाड्यातच शस्त्रक्रिया झाली. ती त्यांना नको होती. ७ ऑगस्ट १९४१ रोजी दुपारी, ज्या वाड्यात खडूचे रिंगण होते तिथेच, ते गेले. बंगाली तारीख २२ श्रावण १३४८. म्हणजे जन्म ग्रीष्मात आणि शेवट ज्याला सर्वांत अधिक गाणी दिली त्या वर्षेत. नातू गेला त्यालाही त्या दिवशी नऊ वर्षे झाली होती.

शांतिनिकेतनात तेव्हापासून २२ श्रावणला वृक्षारोपण करतात. लहानसे रोप सजवलेल्या पालखीत घालून गात गात नेतात आणि लावतात. पु. ल. देशपांडे तिकडे बंगाली शिकायला जाऊन राहिले होते. त्यांचे 'वंगचित्रे' आपल्या वाचनालयात आहे, ज्यांना हे सारे रंगतदार मराठीत वाचायचे आहे त्यांनी ते जरूर काढावे. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते. आई ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मी काय शिकते हे तिला नेहमी ऐकायचे असते आणि समजले नाही तरी ती मान डोलावते. मी तिला शमीची गोष्ट सांगितली. पहिला ऋतूत्सव, मुंगेर, आगगाडी, चांदणे. नंतर उत्सव बंद केला नाही हेही सांगितले. आबा गोठ्यात होते, त्यांना ऐकू जात असावे. आईने सूप थांबवले आणि विचारले, त्या पोराची आई होती का मागे. मी सांगितले, नाही, ती पाच वर्षे आधी, त्याच दिवशी गेलेली. आई बराच वेळ खडे निवडत राहिली. मग बरे झाले, एवढेच म्हणाली.